मुलं रात्री अकराच्या आधी झोपतच नाहीत. तुमच्या घरी कसं करता?

हळदीचं_गाव · २४ जून, रात्री ११:५२

सांगलीत विश्रामबागला राहते. घरात आम्ही दोघं, सासू-सासरे (मी त्यांना आत्या-मामा म्हणते) आणि दोन मुलं. थोरली साडेपाच वर्षांची, मोठ्या शिशूत जाते. धाकटा दीड वर्षाचा. मी साडेनऊला नोकरीला निघते, सव्वासहाला परत येते. यांचं गणपती पेठेत दुकान आहे. शटर ओढून, दिवसाचा हिशेब मिटवून घरी यायला साडेनऊ होतात, सणासुदीला दहा.

गेल्या आठवड्यात शाळा सुरू झाली आणि सकाळी सातला थोरलीला उठवताना माझाच जीव तुटायला लागला. अंथरुणात बसवली की परत आडवी होते. ब्रश तोंडात तसाच धरून डोळे मिटते. शाळा नऊची आहे, पण व्हॅन सगळ्या कॉलन्या फिरत जाते म्हणून आठला दारात हजर लागते. काल बाईंनी डायरीत लिहून पाठवलं, 'मुलगी वर्गात पेंगते, रात्री लवकर झोपवावे.' वाचून फार वाईट वाटलं. लवकर झोपवायला मला नको आहे का?

आमची संध्याकाळ कशी जाते ते सांगते. मी आले की दोघं पायाला चिकटतात. चहा, देवापुढे दिवा, शुभंकरोती, की स्वयंपाकाला उभी राहते. सातला टीव्ही लागतो. आधी मामांच्या बातम्या, मग आत्यांच्या मालिका, दहापर्यंत. आवाज एवढा की आतल्या खोलीत दार लावलं तरी शब्द न् शब्द ऐकू येतो. आठला मुलांना भरवायचं. धाकटा मोबाईल समोर असल्याशिवाय तोंड उघडत नाही, ही सवय मीच लावली, एका तापाच्या आठवड्यात. साडेनऊला स्कूटरचा आवाज आला की दोघं दाराकडे पळतात. मग यांच्या पाठीवर बसणं, उशा फेकणं, हे जेवायला बसले की ताटातला भाताचा घास पुन्हा खाणं. साडेदहाला मी दिवे घालवते. त्यानंतर पाणी, शू, एक गोष्ट, अजून एक गोष्ट. घड्याळात सव्वाअकरा.

आत्यांना किंवा मामांना मी दोष देत नाहीये, हे आधीच लिहिते. दिवसभर दोन्ही नातवंडं त्या दोघांच्या जिवावर आहेत, म्हणून माझी नोकरी टिकली आहे. त्यांच्याकडे टीव्ही बंद करा म्हणायला माझी जीभ उचलत नाही. पण मुलीचा चेहरा सकाळी बघवत नाही.

एकत्र घर, उशिरा येणारे वडील, दोन लहान मुलं, अशा घरात कुणाला हे जमलं असेल तर सांगा. 'नऊला दिवे घालवा' एवढंच लिहू नका, ते मला माहीत आहे.

ताऱ्याखालची_आजी · २५ जून, सकाळी ६:१५

बाळा, मी साताऱ्याची, वय अडुसष्ट. तुझ्या आत्यांच्या बाजूने चार शब्द लिहिते, राग मानू नकोस.

माझ्याकडेही दोन नातू असतात. सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत मी बसले असं होत नाही. एकाला भरवायचं, दुसऱ्याची शी, मधेच दूधवाला, मधेच पडला-रडला. संध्याकाळी सून आली की कंबर टेकते आणि समोर मालिका लागते. ते तीन तास माझे असतात. त्यात काय दाखवतात याला फार महत्त्व नाही. त्या वेळात मला कुणी हाक मारत नाही, याला महत्त्व आहे. तुझ्या आत्यांचंही तसंच असेल. तेव्हा तो वेळ त्यांच्याकडून काढून घेऊ नकोस, दुसरीकडे कुठे देता येतो का बघ. माझ्या मुलाने मला दुपारचा दीड तास मिळवून दिला. धाकट्याला त्या वेळी शेजारची एक मुलगी येऊन सांभाळते, तिला आम्ही महिन्याला पैसे देतो. आता मी मालिका दुपारी पुन्हा दाखवतात तेव्हा बघते आणि रात्री नऊला माझेही डोळे मिटतात.

आणि एक विचारते. टीव्हीचा आवाज एवढा मोठा का ठेवतात? आमच्या घरी ह्यांना ऐकू कमी यायला लागलं होतं आणि ते आम्हाला टीव्हीच्या आवाजावरूनच कळलं.

पेठेतला_बाप · २५ जून, दुपारी २:०५

मीही दुकानदार, त्यामुळे तुमच्या मिस्टरांच्या बाजूचं सांगतो. रात्री साडेनऊला घरी आल्यावर मूल दारात उभं दिसतं, तेव्हा दिवसभराचा शीण जातो. ते झोपलेलं असेल तर घर ओकं वाटतं. मी कबूल करतो, माझी पोरगी जागी असावी असं मला वाटायचं आणि ती पेंगत असेल तरी मी तिला गुदगुल्या करून उठवायचो. बायको काही बोलायची नाही. पुढे दोन वर्षांनी बोलली.

तुम्ही बोलून टाका. आम्हाला खरंच लक्षात येत नाही.

मिरज_वॉर्ड · २५ जून, रात्री ९:४०

मी मिरजेत मुलांच्या वॉर्डात परिचारिका आहे, चौदा वर्षं. डॉक्टर नाही, पण रोज जे बघते-ऐकते त्यावरून लिहिते.

तीन ते पाच वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत १० ते १३ तास झोप लागते, दुपारची धरून. एक ते दोन वर्षांच्या मुलाला ११ ते १४ तास. तुमची थोरली सव्वाअकरा ते सात झोपते, म्हणजे पावणेआठ तास. दुपारी शाळेतून आल्यावर झोपते का? नसेल तर रोज सव्वादोन तासांची तूट आहे, आणि ही तूट रविवारी उशिरा उठून भरत नाही. झोप कमी पडलेलं मूल दर वेळी पेंगतंच असं नाही. बरीच मुलं उलट जास्त धावतात, हट्ट करतात, क्षुल्लक कारणाने रडतात. आई-बाप म्हणतात, 'बघा, अजून किती ताकद आहे, याला झोप आलेलीच नाही.' ती ताकद नसते, थकवा असतो. वाढीचं संप्रेरक गाढ झोपेत जास्त तयार होतं, म्हणून डॉक्टर उंची-वजनाची तक्रार आली की झोपेचं विचारतात.

आता तीन गोष्टी तपासून घ्या, कारण कधीकधी घरातल्या वेळापत्रकाचा दोष नसतोच. मुलगी तोंड उघडं ठेवून झोपते का, घोरते का? नाकामागच्या गाठी वाढलेल्या असल्या की मूल आठ तास झोपूनही ताजंतवानं उठत नाही. दुसरं, रात्री बसायच्या जागी खाजवते का? बारीक जंत रात्रीच बाहेर येतात आणि मूल कूस बदलत राहतं. अंगणवाडीत आणि शाळेत वर्षातून दोनदा जंताची गोळी देतात, त्या दिवशी मूल गैरहजर असलं तर मागून घ्या. तिसरं, रक्त कमी आहे का? लोह कमी असलेल्या मुलांची झोप अस्वस्थ असते.

घरात एकच बदल करायचा असेल तर आठनंतर पांढरी ट्यूब बंद करून पिवळा छोटा दिवा लावा. उजेडाने मेंदूला वाटतं अजून दिवस आहे. मोबाईलचा उजेड तर डोळ्यासमोर एक वीत अंतरावर असतो. दोन वर्षांखालच्या मुलाला स्क्रीन देऊच नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये सांगितलं आणि आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही तेच सांगते. धाकट्याची सवय मोडायला तुम्हाला आठवडाभर त्रास होईल. तो दोन घास कमी खाईल. त्याने काही बिघडत नाही, भूक लागली की मूल खातं.

रात्री बाटलीने दूध पीत झोपतो का तेही बघा. दूध तोंडात राहून पुढचे दात काळे पडलेली मुलं आमच्याकडे दर महिन्याला येतात.

हळदीचं_गाव · २६ जून, रात्री ११:१०

सगळ्यांचे मनापासून आभार.

मिरज_वॉर्ड, थोरली दुपारी झोपत नाही. एकला येते, जेवते आणि धाकटा झोपेतून उठलेला असतो, त्याच्याशी खेळत बसते. घोरत नाही. खाजवण्याचं आज रात्री बघते. बाटली धाकट्याची आहे, हो.

ताऱ्याखालची आजी, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. 'त्या वेळात मला कुणी हाक मारत नाही' हे वाचून रडू आलं. आत्यांच्या जागेवरून मी कधी विचारच केला नव्हता.

आणि मामांच्या कानांचं! गेले कितीतरी महिने ते प्रत्येक गोष्टीला 'काय?' विचारतात, फोनवर मोठ्याने बोलतात. आम्हाला वाटायचं लक्ष नसतं. आज मुद्दाम बघितलं, टीव्हीचा आवाज ३८ वर होता.

द्राक्षबाग · २७ जून, पहाटे ५:२०

ताई, मी तासगावकडचा. सगळ्यांपेक्षा वेगळं लिहितोय, पटलं तर घ्या.

ऑक्टोबर छाटणीपासून माल निघेपर्यंत मी घरात नसल्यासारखाच असतो. पहाटे फवारणी, दिवसभर बागेत माणसं, संध्याकाळी औषधाच्या दुकानात, रात्री लाईट येईल तेव्हा पाणी. माझा मुलगा लहान होता तेव्हा तो आणि मी रात्री दहा ते अकरा एवढंच भेटायचो. ओसरीवर घोंगडं टाकून तो माझ्या पोटावर झोपायचा. आज तो चौदाचा आहे, आणि त्याच्या-माझ्यात जे काही आहे ते त्या तासाचं आहे. त्या वेळी कुणी म्हणालं असतं की पोराला नऊला झोपव, तर मी बापच राहिलो नसतो.

झोप महत्त्वाची आहेच. पण तुमच्या मिस्टरांचा तो एक तास काढून घेताना त्यांना बदल्यात काय देणार ते आधी ठरवा. नाहीतर मुलं वेळेवर झोपतील आणि बाप फक्त रविवारचा पाहुणा होईल.

मिरज_वॉर्ड · २७ जून, दुपारी ३:३०

द्राक्षबाग, तुमचं म्हणणं मला पूर्ण पटतं. एक विचारू? तुमचा मुलगा सकाळी किती वाजता उठायचा?

द्राक्षबाग · २७ जून, रात्री ८:४५

आठ-साडेआठ. गावची शाळा साडेदहाची होती. तुमचा रोख कळला. ताईंच्या पोरीला ती सोय नाही, हे खरं.

पाळीचा_माणूस · २८ जून, दुपारी १:१५

साखर कारखान्यात आहे. गळीत हंगामात आमच्या तीन पाळ्या असतात, पहाटे चार ते दुपारी बारा, बारा ते रात्री आठ आणि आठ ते चार. दर आठवड्याला पाळी फिरते. म्हणजे एक आठवडा पोरं मला दुपारी भेटतात, एक आठवडा सकाळी, आणि एका आठवड्यात मी घरी असून झोपलेला असतो. आमच्याकडे बायकोने एक नियम पाळला, मुलांची झोपायची वेळ माझ्या पाळीबरोबर फिरवायची नाही. मी फिरायचं. बारा-आठच्या आठवड्यात मी रात्री नऊला पोचतो तेव्हा ती झोपलेली असतात. मग सकाळी अंघोळी मी घालतो, वेण्या मी घालतो. आधी वाकड्या व्हायच्या, आता मुलगी आईकडे जातच नाही.

तुमच्या मिस्टरांचं दुकान किती वाजता उघडतं? दहाला असेल तर सकाळ त्यांच्याकडे मोकळी आहे.

माहुलीची_सून · २९ जून, रात्री १०:५५

माझं घर साताऱ्याजवळ, माहुलीला. हे फौजेत आहेत. आमच्या भागात घरटी कुणीतरी फौजेत असतं, त्यामुळे हा प्रश्न बऱ्याच बायकांचा आहे.

त्यांना रात्री साडेनऊ-दहाला फोन करता येतो, तोही रेंज असली तर. माझा मुलगा चार वर्षांचा. तो फोनची वाट बघत जागा राहायचा. फोन आला नाही की रडत रडत साडेअकराला झोपायचा. आला तर आनंदाने एवढा चेकाळायचा की बारा वाजायचे. वर्षभर असंच चाललं. झोप म्हणून मी फोन बंद करू? माझ्याच्याने ते होईना.

सुट्टीवर आले तेव्हा आम्ही बसून ठरवलं. त्यांनी माझ्या फोनवर गोष्टी रेकॉर्ड करून ठेवल्या, पाच-सहा मिनिटांच्या, एकूण बावीस. कोल्ह्याची, अजिंक्यताऱ्यावरच्या पहारेकऱ्याची, स्वतःच्या लहानपणी वेण्णेत पोहायला शिकल्याची. रात्री नऊला दिवा घालवून मी त्यातली एक लावते, फोन उलटा ठेवून, म्हणजे उजेड दिसत नाही. शेवटी ते प्रत्येक गोष्टीत म्हणतात, 'आता डोळे मिट, मी इथे पहाऱ्यावर आहे.' मुलगा त्याच्या आधीच झोपलेला असतो बहुतेक वेळा. समोरासमोर बोलण्याचा फोन रविवारी दुपारी. मधल्या दिवशी साडेनऊला फोन आला तर मी बोलते आणि मुलगा झोपलेला दाखवते. त्यांना सुरुवातीला जड गेलं. आता म्हणतात, झोपलेला बघितला की बरं वाटतं.

अंगणवाडी_ताई · १ जुलै, दुपारी ४:२०

वाळवा तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. माझ्याकडे तीन ते सहा वयाची सव्वीस मुलं येतात. कुणाच्या घरी रात्री काय झालं ते मला सकाळी दारात मूल बघून कळतं. घरी पाहुणे, यात्रा, भांडण, दारू, आजारी आजोबा. मूल कोपऱ्यात जाऊन आडवं झालं की मी त्याला उठवत नाही. गाणी-गोष्टींच्या वेळेत झोपलं तर झोपू देते आणि गरम जेवणाच्या वेळी उठवते. वरून कोणी तपासायला आलं तर सांगते की त्याला आज झोपेचीच गरज आहे.

हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या येतात, त्यांची लेकरंही येतात. आई-बाप पहाटे तीनला फडात जातात, लेकरू झोपेतच उचलून बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरमध्ये टाकलेलं असतं. त्या लेकरांपुढे आपल्या घरांतला प्रश्न आपल्या हातातला आहे, एवढं मला वाटतं. म्हणून तो सोडवायलाच हवा.

ताई, शाळेशीही बोला. फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊला किंवा त्यानंतर भरवायचे ठरलं, ते मुलांची झोप पुरी होत नाही म्हणूनच. शाळा नऊची झाली, पण व्हॅन आठलाच येत असेल तर मुलाला त्याचा काय उपयोग?

माईघाट · ६ जुलै, रात्री १२:३०

धागा वाचून जुनं आठवलं, लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आमचं घर नदीजवळ होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. माझी मुलगी तेव्हा तीन वर्षांची. रात्री तिला झोपेतून उचलून बाहेर काढली. पुढचे दिवस एका शाळेच्या वर्गात, सतरंजीवर, आठ कुटुंबं. तिथे ती झोपायची. मला वाटलं, लहान आहे, तिला काही कळलं नाही.

घरी परतलो, गाळ काढला, भिंती वाळल्या, आणि मग तिची झोप गेली. पत्र्यावर पावसाचा आवाज आला की उठून बसायची आणि 'पाणी किती झालं?' विचारायची. हा प्रश्न तिने आमच्याकडून उचलला होता. पावसाळ्यात घरातली मोठी माणसं रात्रभर तेच बोलतात, कोयनेतून किती सोडलं, पुलाजवळ किती फूट झालं. २०२१ च्या जुलैत परत पूर आला तेव्हा आम्ही शहाणे झालो होतो. पाण्याचं बोलणं मुलीसमोर करायचं नाही, बातम्या तिच्यासमोर लावायच्या नाहीत, आणि तिने विचारलं तर खोटंही सांगायचं नाही. 'पाणी वाढतंय, आपली पिशवी भरलेली आहे, जायचं झालं तर मी तुला उठवीन, तोवर तू झोप.' एवढं ऐकून ती झोपायची. मी उठवीन, हे कुणीतरी सांगितलेलं तिला हवं होतं.

हळदीचं गाव, तुमच्या घरी पुराचा प्रश्न नसेल. पण मामांच्या बातम्या सात ते आठ मुलांच्या कानावर मोठ्या आवाजात पडतात असं तुम्ही लिहिलंय, म्हणून लिहिलं. साडेपाच वर्षांच्या मुलीला त्यातलं बरंच कळतं.

हळदीचं_गाव · ६ जुलै, सकाळी ७:५०

माईघाट, थोरली परवा झोपताना मला विचारत होती, 'आपल्या घरात चोर येतील का?' हे कुठून आलं ते आता कळलं.

वाई_नाका · ९ जुलै, सकाळी ११:०५

धाकट्याच्या मोबाईलबद्दल. आमच्याकडे मऊ भात, मेतकूट-तूप भरवताना मोबाईल लागायचा, पण ताकातल्या ज्वारीच्या कण्या ताटलीत घालून समोर ठेवल्या की मुलगी हाताने खायची. जमीन पुसावी लागते, कपडे बदलावे लागतात. जेवणानंतरच अंघोळ घालायला लागलो, तेवढं सोपं झालं. आणि कोमट पाण्याच्या अंघोळीनंतर झोपही लवकर लागते.

हळदीचं_गाव · ३ ऑगस्ट, रात्री १०:०५

काय झालं, काय नाही झालं, ते सविस्तर लिहिते. तुम्ही सगळ्यांनी एवढ्या आपुलकीने लिहिलंत, ते तुम्हाला कळायला हवं.

आधी यांच्याशी बोलले. पेठेतला_बाप आणि द्राक्षबाग, तुमचे दोघांचेही प्रतिसाद वाचायला दिले. बराच वेळ गप्प बसले. मग पाळीचा_माणूस यांचा वाचला आणि म्हणाले, 'दुकान दहालाच उघडतो की मी.' आता सकाळी थोरलीला हेच स्कूटरवर सोडतात. व्हॅन फक्त येतानाची ठेवली. त्यामुळे घरातून निघायची वेळ आठवरून साडेआठवर गेली, म्हणजे तिची अर्धा तास झोप तिथेच वाढली. उठवणं, दूध, वेणी, सगळं यांच्याकडे. वाटेत गणपतीच्या देवळापुढे थांबून बाहेरूनच हात जोडतात. वेणी अजून मलाच परत घालावी लागते. पण दोघं इतकं बोलत जातात की थोरली संध्याकाळी मला 'बाबा म्हणाले' अशा पाच गोष्टी सांगते.

रात्री हे आले तर मुलं झोपलेली असावीत, असं ठरलं. पहिला आठवडा फार कठीण गेला. स्कूटरचा आवाज आला की थोरली टक्क जागी व्हायची. आता हे कोपऱ्यावरूनच इंजिन बंद करून गाडी ढकलत आणतात. मंगळवारी आठला दुकान बंद करतात, त्या दिवशी उशांची मारामारी असते आणि झोपायला दहा होतात. तेवढं मी धरून चालते.

आत्यांना दुपारी दोन ते साडेतीन मोकळीक मिळाली. मागच्या गल्लीतली एक मावशी येऊन धाकट्याला फिरवते, थोरलीला आडवं करते. दर महिन्याचा तो खर्च आम्हाला जाणवतो, पण नोकरी करणारी मी आहे आणि माझ्या नोकरीचा भार आत्या उचलत होत्या, तेव्हा तो माझ्या पगारातूनच जायला हवा, असं मी ठरवलं. आत्यांनी आधी नको म्हटलं. 'मला काय धाड भरलीय, मी सांभाळते की.' पंधरा दिवसांनी आपणहून म्हणाल्या, आज दुपारी झोप लागली होती गं. रात्रीच्या दोन मालिका अजून बघतात. आठनंतर दिवाणखान्यात पिवळा दिवा असतो.

थोरली रात्री खाजवायची, मिरज_वॉर्ड. डॉक्टरांना दाखवलं, जंतच निघाले. सगळ्या घराने औषध घेतलं. तुम्ही लिहिलं नसतं तर माझ्या लक्षातही आलं नसतं.

मोबाईल सुटायला बारा दिवस लागले. कण्यांचा उपाय चालला, वाई_नाका. बाटली मात्र सुटलेली नाही. रात्री दोनला उठून मागतो आणि सकाळी नोकरीला जायचं असतं म्हणून मी देते. तिथे मला अजून वाट सापडलेली नाही.

मामांच्या कानांची तपासणी झाली. उजव्या कानात मळ घट्ट बसला होता, तो काढला. डाव्या कानाला वयामुळे कमी ऐकू येतं, यंत्र सुचवलं आहे. यंत्राला अजून तयार नाहीत. पण टीव्हीचा आवाज १७ वर आलाय. त्यांच्या बातम्याही आता साडेसहाला होतात, मी आणि मुलं तेव्हा गच्चीवर असतो.

थोरली आज नऊ वाजून पस्तीस मिनिटांनी झोपली.

शाहूपुरी_कर · ४ ऑगस्ट, सकाळी ९:२०

फार बरं वाटलं वाचून. एक विनंती, मामांना तपासणीला कसं तयार केलंत तेवढं लिहाल का? आमचे आप्पा 'मला काय झालंय' म्हणून विषयच बंद करतात.

हळदीचं_गाव · ४ ऑगस्ट, रात्री ९:५०

आम्ही तयार केलं नाही. यांनी दोनदा विषय काढला, दोन्ही वेळा मामा चिडले.

त्यानंतर एका रात्री थोरली त्यांच्या कुशीत गोष्ट ऐकायला बसली होती. आम्ही तिला सांगितलं होतं, बाळ झोपलंय, हळू बोल. म्हणून ती अगदी हळू, त्यांच्या कानाशी काहीतरी विचारत होती आणि मामा नुसतं 'हो, हो' म्हणत होते. ती तोंडाकडे बघत म्हणाली, 'आबा, मी तर विचारलं की कोल्ह्याचं नाव काय.' मामा काही बोलले नाहीत. तिने परत विचारलं, मोठ्याने, आणि बाळ उठलं.

सकाळी चहाच्या वेळी मामाच यांना म्हणाले, 'त्या कानाच्या डॉक्टरांकडे कधी जायचं?'